शेवटचं प्रकरण आणि वीतभर गोधडी

मंडळी, आज दुपारी मी सुशीलाशी खोटं बोलले.

सुशीला माझी शेजारीण. तिला वाचता येत नाही. ती गोधडी शिवते, मी वाचून दाखवते. गोधड्या शिवणाऱ्या चार मैत्रिणींच्या कादंबरीमालेचे अकरा भाग आम्ही असेच संपवले. हा बारावा, शेवटचा.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिचे उपचार थांबवले.

गोधडीचे टाके काठापासून आत येतात. आज मध्ये वीतभर जागा उरली आहे. पुस्तकाचंही एकच प्रकरण उरलं आहे.

"वाच की गं."

"चष्मा घरी राहिला."

"डोक्यावर हाय तुझ्या." ती हसली आणि तिला धाप लागली. "त्या चौघींचं काय झालं ते कळू दे. मला लई वेळ न्हाय."

मी पान उघडलं. पहिल्याच ओळीला आवाज फुटेना. पुस्तक मिटून घरी आले.

आता भीती वाटते, माझ्यामुळे तिला शेवट कळायचाच राहील.

सोलापुरातलं कुणी उद्या सकाळी येऊन तेवढं प्रकरण वाचून दाखवाल का? मी तिच्याजवळ बसून सुईत दोरा ओवून देईन.