डोळ्यांच्या शिबिराचा फ्लेक्स

जनसंपर्क कसा करावा हे सांगायला मला अधूनमधून कॉलेजांत बोलावतात. मी जाते. आधी माझा सत्कार होतो, मग माझी ओळख करून देणाऱ्यांचा होतो, मग दीपप्रज्वलनाच्या वेळी काडीपेटी सापडत नाही. मला माईक मिळेपर्यंत मुलांचं निम्मं लक्ष जेवणाकडे गेलेलं असतं. सांगायचं मात्र मी एकच ठरवून गेलेली असते. ज्याला सांगायचं आहे, त्याला कळेल असं सांगा. हे वाक्य मला आमच्याच शिबिराच्या संयोजकांना कधी पटवता आलं नाही, तर मुलांना काय पटवणार, असं मनात येतं आणि मग मी घड्याळ बघत बोलते.

जालन्यातल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात मी हे काम करते. वर्षातून एकदा आम्ही वाटूरकडच्या गावांत बस पाठवतो. ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांना जालन्याला आणायचं, तपासायचं, ऑपरेशन करायचं, सगळं मोफत. त्या दिवशी बस चुकली की थेट पुढच्या वर्षी.

यंदा मी आधीच सांगितलं होतं की रिक्षावर भोंगा लावा आणि गावोगाव फिरवा. ज्या माणसांना दिसत नाही, त्यांच्यासाठी बोर्ड लावण्यात काय अर्थ आहे? गावातले आमचे संयोजक मोठे कार्यकर्ते. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, भोंग्यावर फोटो येत न्हाई."

फ्लेक्स ठरला. निदान मजकूर तरी माझ्या हातात ठेवा म्हणून मी भांडले. मध्ये ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा फोटो घातला आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं की बस सकाळी आठ वाजता फाट्यावर येईल. बाजूंना पाहुणे, मार्गदर्शक, शुभेच्छुक, आणि शुभेच्छुकांचे शुभेच्छुक. आमच्याकडे शुभेच्छा देणारा माणूस गॉगल घालून, हात जोडून किंवा मोबाइल कानाला लावून शुभेच्छा देतो. त्याशिवाय त्या पोचत नसाव्यात.

फ्लेक्स फाट्यावर लागला आणि दुसऱ्या दिवशी संयोजकांचा फोन आला. "मॅडम, लई मोठा घोळ झाला." मला वाटलं बस रद्द झाली. घोळ असा होता की एका पुढाऱ्याच्या पुतण्याचा फोटो राहून गेला होता आणि पुतण्या रुसून बसला होता. तो आला नाही तर काका येणार नाहीत, काका आले नाहीत तर मंडप येणार नाही. लगेच फ्लेक्स उतरवला आणि नवा छापायला टाकला. नवा लागल्यावर त्याचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर आला, खाली हात जोडलेले. पुतण्या बरोबर मधोमध होता, गॉगलसकट.

मी फोन केला. "बसची ओळ कुठं गेली?"

"ते सगळ्यांना म्हाईत हाये की. आता तर बस शाळेच्या मैदानात लावू राह्यलो. पाव्हणे झेंडी दाखवणार."

"आणि डॉक्टरांचा फोटो?"

"डॉक्टर थोडेच रुसतेत, मॅडम."

हे मात्र खरं होतं. डॉक्टर रुसत नाहीत म्हणून त्यांना काढलं, म्हातारी माणसं रुसत नाहीत म्हणून त्यांची ओळ काढली. बस फाट्यावर थांबवाच, असं मी तीनतीनदा बजावलं. "बराबर. बिलकुल चिंता करू नका," असं उत्तर मिळालं. आमच्याकडे हे वाक्य आलं की चिंता सुरू करावी.

शिबिराच्या दिवशी फ्लेक्सवरचा एकूणएक चेहरा हजर होता. पेशंट मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाहुणे उशिरा आले, मग शाली, मग नारळ, मग नेत्रदानावर भाषणं, आणि नेत्रदानाचा तर विषयच नव्हता. तिकडून दवाखान्याचे फोनवर फोन, डॉक्टर खोळंबलेत. अखेर झेंडी हलली. फोटोत बस भरलेली दिसावी म्हणून कार्यकर्ते आत बसले आणि शाळेच्या फाटकाशी उतरले. उशीर झाला म्हणून ड्रायव्हर जो सुटला तो थेट जालन्याला.

मी मागून माझ्या गाडीनं निघाले. फाट्यावर आले तर फ्लेक्सच्या सावलीत चार म्हातारी माणसं बसलेली. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"आजी, कुठं जायचंय?"

"डोळ्याच्या बसची वाट बघून राह्यलो, माय. शेजारच्या पोरीनं पयला बोर्ड वाचून सांगितल्तं, फाट्यावर थांबा म्हणून."

"अहो, बस आत्ताच तुमच्यासमोरून गेली."

"गेली असंल. सकाळपून लई गाड्या गेल्या. कोणती कोणती हाये ते दिसलं असतं तर इथं कशाला बसलो असतो?"

मला संताप आला. संयोजकांना फोन लावला तर लागेना. ड्रायव्हर उचलेना. शेवटी चौघांना माझ्याच गाडीत कोंबलं. आजी पुढं बसली. एक डोळा केव्हाच गेला होता आणि दुसराही विझत आला होता. ती एकटी राहायची. आठवड्यापूर्वी तिनं भाकरी समजून तापल्या तव्यावर तळहात टेकवला होता. तो तिनं मला उलटा करून दाखवला. अजून वर्षभर ही बाई अंदाजानं स्वयंपाक करत राहिली असती, आणि ते का, तर एक पुतण्या रुसला होता. आधीच कंटाळून घरी परतलेले असे किती असतील, ते मला कळायला मार्ग नाही.

डॉक्टर थांबले होते. चौघांचीही ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर आजीनं पहिल्यांदा डॉक्टरांचं तोंड पाहिलं, दोन्ही हात त्यांच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. डॉक्टरांना इतकं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

परत सोडायलाही मीच गेले. फाट्यावर फ्लेक्स होताच. आमच्याकडे कार्यक्रम संपतात, फ्लेक्स वारा काढेल तेव्हाच निघतात. आजी म्हणाली, "थांबिव जरा." दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा सावरत ती खाली उतरली आणि एकेक चेहरा नीट बघत गेली. दिसतंय म्हटल्यावर ती सगळंच बघत होती.

"यात आपले डाक्टर कोणते?"

"ते नाहीत यात, आजी."

तिनं पुन्हा पाहिलं. मग पुतण्याच्या गॉगलवर बोट ठेवलं, नंतर शेजारच्याच्या, नंतर खालच्या ओळीतल्या दोघांच्या. "मंग हे आपल्यासंगं व्हते व्हय? यांचं बी आपरेशन झालं?"

"नाही आजी," मी म्हणाले, "यांचं राहिलंय."

"अरारा," ती म्हणाली. "यांची बी बस चुकली का काय."