मिसरीचा वास

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन ताई परवा घरी आली. आज सकाळी शेजारच्या काकूंनी मिसरीसाठी तव्यावर तंबाखू भाजायला घेतली आणि तो जळका, खमंग वास खिडकीतून आत आला. ताईनं डोळे मिटून तो छातीभर ओढून घेतला.

सासरी पहाटेपासूनच्या रगाड्यात ती दातांना मिसरी लावायला मागच्या दारी टेकायची. तेवढाच वेळ तिला कुणी हाक मारत नसे. त्या एवढ्याशा विसाव्यानंच तिचा घास घ्यावा?

"थोडी आण गं," ती बोबडं बोलली. "नुसती हिरडीला लावते."

"ताई, त्यानंच झालं ना हे!"

"माहितंय. आण."

मी खिडकी लावून घेतली. ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. मिसरीऐवजी तिला द्यावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं.