पानाखालचा शब्द

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाणारा माणूस. भूत मी आजही मानत नाही. तरी लिहितोय... कारण मी काय मानतो, हा आता मुद्दाच उरलेला नाही.

सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. नाव सांगत नाही. आमच्या लोखंडी कपाटात एक लॅटिन पुस्तक आहे — इंग्लंडातल्या एका विद्यापीठाच्या छापखान्यात सतराव्या शतकात छापलेलं. कुणा गोऱ्या साहेबाच्या संग्रहातून आलं. वाचता कुणालाच येत नाही. पाहुण्यांना दाखवायचं, परत ठेवायचं.

अठरा वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी, त्या उघड्या पुस्तकावर माझा चहा सांडला. कपाटाजवळ चहा न्यायचा नाही, ही पाटी मीच भिंतीवर लावलेली. एकच पान भिजलं होतं. मी ते शिवणीजवळून ब्लेडने कापलं, घरी नेऊन जाळलं. पुस्तक तसंही खिळखिळं झालं होतं. ते बाइंडिंगला पाठवून दिलं. आमचे बाइंडर राजय्यामामा — साखर पेठेतले, विणकरांच्या घरातले.

तिसऱ्या दिवशी मामा पुस्तक घेऊन दारात हजर.

"साहेब, हितं एक पान न्हाय बगा."

"तुम्हाला लॅटिन कधीपासून यायला लागलं, मामा?"

"लॅटिन कुटलं, मराठीच धड येत न्हाय. पण डिझाईन कळतंय की!" त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. उजव्या कोपऱ्यात छोटासा एकटा शब्द. "ह्यो शब्द पुडच्या पानावर पयला येतोय. सगळीकडं तसंच हाय, चादरीचा काठ जुळवावा तसं. इंग्रजाला लई घाई, पुडचं आधीच सांगून मोकळा!" ते हसले. "हितं जुळत न्हाय. धागा तुटलाय."

त्याच संध्याकाळी मी वाचनालयाच्या समितीला एकपानी पत्र लिहिलं — पुस्तक बाइंडरकडे असताना त्यातलं पान गहाळ झालं.

समितीपुढे मामा माझ्याकडे वळले. "मीच तुमाला दावलं की ओ, साहेब. सांगा की."

मी माझं पत्र समितीपुढे सरकवलं.

मामांचं आमच्याकडचं काम गेलं, मग बाकीच्या वाचनालयांचंही. पानचोर हे नाव त्यांना चिकटलं ते मरेपर्यंत. तीन वर्षांपूर्वी ते गेले.

पुस्तकाने मात्र मला सोडलं नाही. कुठूनही उघडा, ते त्या गेलेल्या पानापाशीच उघडायचं, आणि कागदाची कड माझ्या उजव्या तर्जनीवर त्याच एका जागी कापायची. दुसऱ्या कुणाला कधी नाही. मी म्हणायचो, कागद जुना आहे, वाळलाय.

यंदा मार्चमध्ये जुन्या फायली स्कॅन करायला काढल्या. स्कॅनिंगच्या मॅडमनी विचारलं, "सर, तुमच्या या पत्राचं दुसरं पान कुठंय?"

"एकच पान आहे."

"मग खाली 'पण' का लिहिलंय?"

उजव्या कोपऱ्यात, एकटाच. अक्षर माझं, शाईही तीच. पत्र लिहिलं त्याच दिवशी काढलेली झेरॉक्स मागे टाचलेली होती — तिचा कोपरा कोरा. फाईल अठरा वर्षं माझ्या कपाटात, किल्ली माझ्याच खिशात.

मॅडम जेवायला गेल्यावर मी तो शब्द ब्लेडने खरवडून काढला. सकाळी तो परत तिथं, जास्त ठसठशीत. पुन्हा खरवडला, कागदाला भोक पडलं. दुसऱ्या दिवशी भोक होतं... आणि भोकाच्या शेजारी शब्द होता. तिसऱ्यांदा ब्लेड तर्जनीतच घुसलं. दोन टाके पडले, त्याच जागी.

त्या आठवड्यात मॅडमनी ते पुस्तक स्कॅनला घेतलं. जिथं जुळत नाही तिथला तळाचा शब्द त्यांनी मोबाईलवर टाकून बघितला आणि सहज म्हणाल्या, "सर, याचा अर्थ 'पण' होतो."

अठरा वर्षांत मी तो कधी शोधला नव्हता.

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर सांगा, मी ऐकेन. काल साखर पेठेत जाऊन मामांच्या मुलीला सगळं सांगितलं. तिने बसा म्हटलं नाही. "तोंडी नको. तवा लिहून दिलं होतं न्हवं? तसंच लिहून द्या," एवढं बोलून दार लावलं.

म्हणून माझ्या त्या पत्राचं हे दुसरं पान:

पण ते पान बाइंडरकडे गहाळ झालं नाही. ते मी कापलं. राजय्यामामांनी ते नसल्याचं मला येऊन सांगितलं, एवढाच त्यांचा गुन्हा.