सतराचा पाढा आणि माझं डोकं

तुम्हाला म्हणून सांगते, पण आमच्या ह्यांच्यासमोर विषय काढू नका. सांगलीच्या दवाखान्यात मी जे दिवे लावले, त्यावर ते अजून हसतात!

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, सलाईनमधली ती जहरी औषधं झाली, गेलेले केसही परत आले. दहिवडीत मी पुन्हा शिवणाचं मशीन सुरू केलं. आणि एका ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या!

मग रोजचंच झालं. हातात कात्री, आणि मी घरभर कात्री शोधतेय. कधी शब्दच आठवेना. "अगं ते दे... ते कापायचं!"

एकच धास्ती बसली. आजार डोक्यात तर चढला नाही? मोरीत नळ सोडून रडावं, तर आमच्या दुष्काळी माण तालुक्यात नळाला पाणी कुठलं!

अशात तपासणीला गेले, तर नर्स म्हणाली, "पुढच्या खेपेला डॉक्टरबाई विसरण्याबद्दल प्रश्न विचारतील. ऑपरेशन झालेल्या सगळ्याच बायकांना विचारतात."

मला काय ऐकू आलं? परीक्षा! नापास झाले की डोकं उघडणार!

ह्यांना सांगितलं, तर तेही पांढरे पडले. "भिऊ नगंस. मी तयारी करून घेतो."

सांगलीपर्यंत एसटीत घोकंपट्टी! वार, तिथी, नणंदांची पोरं, पंतप्रधान. तेव्हा ते तरी कुठं टिकत होते! शेवटी सतराचा पाढा. सतराचाच का? शाळेत ह्यांना त्याच्यावरच मार बसला होता.

आत तरुण डॉक्टरबाई. गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, बोलताना शब्द अडकतो का कधी?"

"न्हाई."

"वस्तू ठेवून विसरता?"

"कवाच न्हाई!"

"कामात लक्ष लागत नाही, असं?"

"छ्या!"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. झालं, पकडलं! मी ताडकन उभी राहिले. "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे... सतरा पंचे..."



"बाई, येतोय वो मला! डोकं नका उघडू माझं!" आणि भोकाडच पसरलं.

बाईंनी पाणी दिलं. "अहो, डोकं कोण उघडतंय? ही परीक्षा नाही. तुम्हाला स्वतःला काय त्रास जाणवतो, तेवढंच विचारतेय. त्या औषधांनंतर बऱ्याच बायका हेच सांगतात. तुमच्या तपासणीत काळजीचं काही निघालेलं नाही."

मग सगळं सांगितलं, बाह्यांसकट. बाईंनी माझी सगळी उत्तरं खोडून नव्यानं लिहिली.

बाहेर आले ती वाऱ्यावर! बाकावर बसलेल्या ह्यांचा हात धरला आणि ओढतच निघाले. "आवं चला! डोकं लय ठणठणीत हाय माझं!"

माणूस येतोय, पण तोंडातून शब्द काढेना. तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज, "आगं ए! त्या पावण्यांना कुठं घिऊन चाललीस?"

बघते तर हात दुसऱ्याच टोपीवाल्याचा! बिचारा भेदरून मुकाट चालला होता.

आणि दारात डॉक्टरबाई, पेनाचं टोपण काढत: "मावशी, परत जरा आत येता का?"