रेघेची मागची कड

वेंडल स्ट्राउडचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. कापसाच्या हंगामात तो कधी संपेल हे मात्र त्याच्या हातात नसायचं. कापसातली सरकी काढायच्या जिनच्या आवारात ट्रेलरांची रांग लागलेली असायची, आणि शेवटचा ट्रेलर रिकामा झाला की मग घर.

वेंडल प्रेसवर होता. सरकी वेगळी झालेली रुई वरून घसरत यायची, प्रेस ती दाबायचा, आणि दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून पोलादी पट्ट्या आवळायच्या. पट्टी ढिली राहिली तर गाठ फुटते आणि अर्ध्या तासाची मेहनत वाऱ्यावर जाते. वेंडलच्या गाठी फुटत नसत. समोरच्या माणसाच्याही नसत. तो लुपे अर्मेंदारिस. वेंडलपेक्षा वयाने बराच लहान, बुटका, दणकट, आणि तोंडाने चालू.

शुक्रवारी मात्र वेंडल दुपारी चार वाजताच हातमोजे काढायचा.

“जा, जा,” लुपे म्हणायचा. “तुझी साखळी रडायला लागली असेल.”

मग लुपे एकटा दोघांचं काम ओढायचा. या बाजूला पट्टी घालायची, वळसा मारून त्या बाजूला जायचं, आवळायची, परत वळसा. फोरमन काणाडोळा करायचा, कारण साडेसातला त्यालाही स्टेडियमवर पोचायचं असायचं. टार्लटनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ज्याला कुठेतरी दुसरीकडे असावं लागे, तो एकतर आजारी असायचा नाहीतर जिनवर.

स्टेडियम म्हणजे हायस्कूलचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे बाक आणि चार खांबांवर दिवे. टेक्सासचा तो सगळा मुलूख तव्यासारखा सपाट. दिवे लागले की शेजारच्या तालुक्यातून दिसायचे. दुपारपासूनच पोरी मोटारींच्या काचांवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने खेळाडूंचे नंबर लिहीत फिरायच्या. संध्याकाळी पिकअप गाड्या कुंपणाला पाठ लावून उभ्या राहायच्या, आणि मागच्या फळीवर म्हातारे घोंगडी पांघरून बसायचे. हे कधीकाळी याच मैदानावर खेळलेले. त्यांच्या काळातला प्रत्येक चेंडू दर वर्षी थोडा लांब जायचा. खाण्याच्या टपरीवर मक्याच्या चिप्सचं पाकीट फाडून त्यातच खिम्याची गरम चिली ओतून द्यायचे. तिचा वास, ढोलांचा आवाज, आणि जिनवरून उडून कुंपणाच्या जाळीला चिकटलेला कापूस. राष्ट्रगीताला टोप्या उतरल्या की दोन मिनिटं नुसता वारा ऐकू यायचा. मग सगळं गाव एकदम पाय आपटायला लागायचं आणि ते ॲल्युमिनियम गडगडायचं.

वेंडल या सगळ्याच्या मधोमध असायचा, पण त्यातलं फार थोडं त्याने पाहिलं होतं.

तो साखळीवाला होता. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलं तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाहीतर समोरच्यांना जातो. ते दहा यार्ड म्हणजे मैदानाच्या कडेला धरलेली साखळी, दोन टोकांना दोन काठ्या. मागची काठी होइट न्हाव्याकडे, पुढची पेट्रोल पंपावरच्या कार्लकडे. वेंडलकडे चिमटा. मैदानावर दर पाच यार्डांना चुन्याची रेघ असते. साखळी जिथे त्या रेघेवरून जाते तिथे कड्यांमध्ये चिमटा लावायचा. मोजायची वेळ आली की साखळी उचलून आत न्यायची, चिमटा त्याच रेघेवर टेकवायचा, साखळी ताणायची. मग पुढची काठी खोटं बोलू शकत नाही.

रेघ चार इंच रुंद असते. म्हणून चिमटा रेघेच्या मागच्या कडेला. नेहमी मागच्याच. आणि लावताना गुडघा टेकायचा तो रेघेच्या अलीकडे, गवतावर. कार्ल नवा होता तेव्हा वेंडलने त्याला सांगितलं होतं, “गुडघ्याला चुना लागला की समजायचं, माणूस घाईत होता.”

दुसरा नियम होता टाळीचा. साखळीवाल्याने टाळी वाजवायची नाही. ओरडायचं नाही, हात वर करायचे नाहीत. बायको अर्लीन बाकावर बसून घसा बसेपर्यंत ओरडायची आणि घरी जाताना विचारायची, “काय खेळ झाला ना?” वेंडल म्हणायचा, “मैदान ओलं होतं.”

त्या वर्षीचा शेवटचा सामना हॅस्किटशी होता. जिंकलं तर पुढची फेरी. गावात मुलं मोठी होऊन त्यांना मुलं झाली होती, पण पुढची फेरी कुणी पाहिली नव्हती. बँकेच्या दारावर पाटी लागली होती, ‘पैसे सोमवारी. आज हॅस्किट.’

चार वाजता वेंडलने हातमोजे काढले, तेव्हा लुपेने हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, “रायलीच्या पोराचा घोटा सुजलाय. खेळाचा मास्तर म्हणाला, आज नेस्टर खेळणार.”

नेस्टर लुपेचा मधला मुलगा. काटकुळा, सतरा वर्षांचा. सबंध हंगाम बाकावर बसून त्याचा सदरा धुवायचीही गरज पडली नव्हती.

“बरं झालं की,” वेंडल म्हणाला.

“जरा बघ त्याच्याकडे. उद्या सांग मला.”

“मी खेळ बघत नाही, लुपे. मी जमीन बघतो.”

“मग जमिनीवर आपटला तर तेवढं तरी सांग, म्हाताऱ्या.”

वेंडल हसला आणि निघाला. फाटकापाशी त्याने वळून पाहिलं. लुपे वळसा मारून त्याच्या बाजूची पट्टी घालत होता.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा हॅस्किट तीन गुणांनी पुढे होतं आणि चेंडू टार्लटनकडे होता. नेस्टरकडे तोवर एकदाही चेंडू आला नव्हता. तो धावायचा, पडायचा, उठायचा. वेंडल त्याच्याकडे बघत होता. साखळी धरायला लागल्यापासून पहिल्यांदाच तो जमिनीऐवजी माणसाकडे बघत होता, आणि ते त्याला जमत नव्हतं. नजर सारखी मागे राहायची.

मग चेंडू हवेत गेला. नेस्टर कडेच्या बाजूने पळत आला, अगदी वेंडलच्या समोर. चेंडू त्याच्या मागे पडणार होता. पोरगं पळता पळता कंबरेतून मागे वळलं, दोन्ही पंजे करंगळ्या जुळवून खाली नेले, आणि पाणी ओंजळीत घ्यावं तसा तो चेंडू घेतला. दोघे त्याच्या अंगावर आले. तो आपटला. चेंडू सुटला नाही.

सगळं स्टेडियम उभं राहिलं. वेंडलला आपल्याच हातांचा आवाज ऐकू आला.

“वेंडल!” होइट ओरडला. “साखळी!”

ते पळाले. होइटने काठी रोवली, कार्ल पुढे गेला, साखळी ताणली. पंच हात वर करून थांबला होता, हॅस्किटवाले घाई करत होते. वेंडलने खाली बसून चिमटा लावला आणि उठला.

पुढचे तीन प्रयत्न थोडेथोडके सरकले. चौथ्यात दांडगा जेसप चेंडू पोटाशी धरून घोळक्यात घुसला आणि दहा जणांच्या खाली गाडला गेला. पंचाने एकेकाला बाजूला ओढून चेंडू शोधला, मग छातीवर दोन्ही हातांनी खूण केली. मोजा.

साखळी आत गेली. पंचाने चिमटा धरून विचारलं, “कुठली रेघ?”

“पस्तीस,” वेंडल म्हणाला. “मागची कड.”

दर वेळी तो हेच म्हणायचा. साखळी ताणली. काठी उभी राहिली. चेंडूचं नाक काठीच्या जरासं पुढे होतं. पंचाने हात पुढे केला. चेंडू टार्लटनचाच.

बाकांचा गडगडाट असा झाला की दिव्यांचे खांब हलल्यासारखे वाटले. बँड सुरात नव्हता, पण कुणाला पर्वा नव्हती. होइटने काठी मांडीवर आपटली. वेंडल चिमटा परत घ्यायला वाकला आणि त्याला स्वतःचा गुडघा दिसला.

काळ्या पँटवर पांढरा पट्टा होता.

तो रेघेवर टेकला होता. म्हणजे चिमटा रेघेच्या पुढच्या कडेला लागला होता. आणि आत मोजताना ठेवला मागच्या कडेला. पुढची काठी चार इंच अलीकडे उभी होती.

“काय झालं?” होइट म्हणाला. मग त्याचीही नजर गुडघ्याकडे गेली. गिऱ्हाइकांच्या मानेवर वस्तरा फिरवून आयुष्य गेलेला माणूस, त्याला बारीक गोष्ट लगेच दिसायची. तो हळू आवाजात म्हणाला, “गप्प राहा. वेंडल, ऐक माझं. उद्या याच गावात राहायचंय तुला.”

“काठी नीट धर,” वेंडल म्हणाला, आणि पंचाला हाक मारली. “थांबा. माझी चूक झाली. पुढची कड होती.”

“नक्की?”

“नक्की.”

खेळ पुन्हा सुरू झाला नव्हता, त्यामुळे मोजणी बदलता येत होती. साखळी परत आत गेली. या वेळी चेंडू दोन बोटं कमी पडला.

गर्दीला आधी कळलंच नाही. ढोल वाजतच होते. मग चेंडू हॅस्किटवाल्यांनी घेतला तसे बाक खालून वर गप्प होत गेले. कुणीतरी ओरडलं, “चष्मा घे की रे, वेंडल!” दुसरं कुणी हसलं नाही. हॅस्किटने उरलेला वेळ चेंडू दाबून धरला, आणि हंगाम संपला.

साखळी गुंडाळून वेंडल बाहेर पडत होता, तेव्हा नेस्टर समोर आला. हेल्मेट काखेत, कोपर सोललेलं, तोंडावर मातीतून घामाचे ओघळ.

“मिस्टर स्ट्राउड.”

“बोल, पोरा.” वेंडलने मन घट्ट केलं.

“तुम्ही पाहिलंत ना? मी धरला तो?”

“पाहिला.”

“पप्पांना सांगाल? मी सांगितलं तर त्यांना वाटेल फुशारकी मारतोय. हात कसे होते तेवढं सांगा. त्यांनीच शिकवलंय तसं. अंगणात, लिंबं टाकून.”

वेंडलने मान हलवली.

गाडीत बसल्यावर अर्लीनने दार ओढून घेतलं. मग म्हणाली, “तू टाळी वाजवलीस. मी पाहिलं.”

“हो.”

“छान वाजवतोस,” ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

सकाळी तो नेहमीपेक्षा आधी जिनवर पोचला. लुपे आलेला होता. लाल डोळे, केसांत रुई. गावातली बातमी त्याच्यापर्यंत आली होती.

“हरलो म्हणे आपण. तू हरवलंस म्हणे.”

“हो.”

“असू दे ते. पोराचं सांग.”

वेंडलने सांगितलं. नेस्टर कुठून आला, चेंडू कसा मागे पडत होता, तो कंबरेतून कसा वळला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखादा खेळ सांगत होता आणि त्याला शब्द सापडत नव्हते. शेवटी त्याने रुईचा एक गोळा उचलला आणि करंगळ्या जुळवून दाखवलं.

“असे?” लुपेने हात खाली धरले.

“आणखी खाली. गुडघ्याजवळ.”

“पुन्हा दाखव.”

त्याने पुन्हा दाखवलं. लुपेने तिसऱ्यांदा दाखवायला लावलं. तो वेंडलच्या हातांकडे बघत होता. वेंडल स्वतः किती वेळा त्या मैदानाच्या कडेला उभा राहिला होता त्याला गणती नव्हती. आणि ज्याच्या पोराने तो चेंडू धरला, तो माणूस इथे त्याच्या बाजूच्या पट्ट्या आवळत होता. हे वेंडलला माहीत नव्हतं असं नाही. दर शुक्रवारी फाटकापाशी वळून पाहिलं की दिसायचं. पण आपण गावासाठी फुकट राबतो असं तो समजत आला होता. ते फुकट नव्हतं. त्याचे कष्ट दुसरा कुणीतरी करत होता.

“मी टाळी वाजवली,” वेंडल म्हणाला. “त्या घाईत चिमटा चुकला.”

लुपेचं तोंड उघडं राहिलं. “तू? टाळी?” मग तो इतका हसला की त्याला प्रेसचा आधार घ्यावा लागला. “म्हणजे माझ्या पोराने चेंडूही धरला आणि सामनाही घालवला!”

गावाने महिनाभर सूड घेतला, पण गावाच्या पद्धतीने. कॅफेत डार्ला किटली धरून विचारायची, “वेंडल, कप कुठल्या कडेपर्यंत भरू? पुढच्या की मागच्या?” होइटने त्याचे केस कापताना मान मोजायला फूटपट्टी काढली. नाताळापर्यंत हसणंही ओसरलं. फेब्रुवारीत मास्तर स्वतः घरी आला. साखळी तूच धर, दुसरा कोण रेघेची कड बघणार, म्हणाला.

वेंडलने चिमटा त्याच्या हातात दिला. “कार्लला शिकवलंय मी. मी एकदा टाळी वाजवली. आता पुन्हा वाजवावीशी वाटेल.”

पुढच्या हंगामात नेस्टर शेवटच्या वर्षाला होता. पहिल्या शुक्रवारी चार वाजले तेव्हा वेंडलने हातमोजे काढले नाहीत. खिशातून एक पाकीट काढून प्रेसवर ठेवलं.

“हे काय?” लुपे म्हणाला.

“तुझं आणि तुझ्या बायकोचं. हात धू आणि नीघ.”

लुपेने आत पाहिलं. सबंध हंगामाची दोन तिकिटं होती. “पाठीला फळी असलेल्या जागा? चाळीसच्या रेघेवर? या तर डॉक्टरच्या घराण्याकडे होत्या.”

“डॉक्टरची म्हातारी लबक शहरात लेकीकडे गेली. जागा सुटल्या.”

“मला कुणाचं फुकट नको, वेंडल.”

“मग तू मला दिलेले सगळे शुक्रवार परत घे.” वेंडल वळसा मारून लुपेच्या बाजूला गेला आणि पट्टी घातली. “आणि उद्या सगळं सांगायचं. हातांनी.”

लुपे गेला. एकट्याने दोघांचं काम किती असतं ते वेंडलला पहिल्या तीन गाठींतच कळलं. अंधार पडला तसा दक्षिणेकडे आकाशाचा एक तुकडा उजळला. वाऱ्याची दिशा बदलली की मध्येच ॲल्युमिनियमचा गडगडाट यायचा आणि विरायचा. कुणी काय केलं ते इथून कळत नव्हतं. त्याचे दोन्ही हात पट्टीवर होते.

गेल्या हंगामाच्या शेवटी जिनने दिलेला बोनस आणि रविवारी केलेल्या जास्तीच्या कामाचे पैसे, असं सगळं मिळून त्याने त्या दोन जागा घेतल्या होत्या. वेंडल स्ट्राउडने स्टेडियमची तिकिटं त्याआधी कधी विकत घेतली नव्हती. साखळीवाल्याला आत सोडायचे फुकट.