डोंगरातल्या मावशी

काल नेरूळच्या फ्लॅटमधलं कपाट आवरताना जुना कॅमेरा सापडला. त्याच्या पट्ट्याला अजून कुबट वास येत होता, आणि मला खारघरचा डोंगर आठवला.

आई गेली त्या पावसाळ्यात मी एकटाच धबधब्याचे फोटो काढायला गेलो होतो. धुकं उतरलं आणि पायवाट दिसेना. मी हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात त्या मलाच ऐकू येईनात. बऱ्याच वेळाने रानभाजी खुडणाऱ्या एक मावशी दिसल्या.

"माज्या मागं ये, शेवाळावर पाय नको देऊ," त्या म्हणाल्या.

डांबरी रस्ता आल्यावर त्यांनी विचारलं, "घरी कोन वाट बगत असंल ना?"

"हो," मी खोटंच म्हणालो.

वळणावरून मागे पाहिलं, तर त्या पावसात तिथेच उभ्या होत्या. तेव्हा वाटलं, दम खात असतील. आता वाटतं, त्यांना कळलं होतं.