गोळ्यात उमटलेला अंकुश

फोन आला तेव्हा मी कोल्हारच्या शाळेत सातवीच्या मुलांना चेंडू रंगवायला शिकवत होतो. चेंडूवर पांढरा ठिपका कुठे द्यायचा, ते फळ्यावर दाखवत होतो. "अंकुश गेला," काष्टीहून त्याचा चुलतभाऊ सांगत होता, "सकाळी चुलती चहा घेऊन वर गेली, तर खुर्चीतच..." कोल्हारहून काष्टी म्हणजे जिल्ह्याचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. नगरला बस बदलली, पुढे टेम्पोत बसलो आणि पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परत निघाले होते. "लई वाट बघितली मास्तर तुमची," कुणीतरी म्हणालं. मला राग आला. बसचा आला, रस्त्याचा आला, पण सगळ्यात जास्त अंकुशचा आला. उभ्या आयुष्यात ज्याने कशाची घाई केली नाही, त्याला याच कामाची घाई सुचावी! त्याचं तोंड शेवटचं बघायचं राहूनच गेलं.

आम्ही दोघं मूळचे बोर्ड रंगवणारे. काष्टीच्या बाजारपेठेतली खतांची दुकानं, मेडिकल, टेम्पोच्या मागच्या फळ्या, सगळीकडे आमचा हात फिरलेला. अक्षरं तो भरायचा, सावली आणि चमक मी द्यायचो. प्रत्येक अक्षराच्या डाव्या खांद्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली की अक्षर कसं उठून बसायचं! पुढे फ्लेक्स आले आणि आमचे ब्रश डब्यात वाळून गेले. मी चित्रकला शिक्षकाचा कोर्स करून नोकरी धरली. अंकुश पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवर थ्रीडी शिकला आणि गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. काम काय, तर अंतराळ स्थानकं उभी करायची. त्यातल्या भिंती, दारं, पाइप, जाळ्या, खुर्च्या, सगळं खरं वाटलं पाहिजे. लॉकडाऊनमध्ये तो गावी आला आणि परत गेलाच नाही. आईच्या घरावरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून त्याने तिथूनच काम चालू ठेवलं. खाली दावणीला म्हैस, वर अंतराळ.

त्याने कंपनीला पहिलं दार करून दिलं ते परत आलं, ही गोष्ट तो मला हसून हसून सांगायचा. माझं बघून लागलेल्या सवयीने गड्याने दाराच्या कडेला पांढरी चमक रंगवून टाकली होती. खेळणारा दिवा घेऊन दारापुढून गेला, दिवा सरकला, पण चमक आपली जागच्या जागी! "अरे, या पद्धतीत चमक रंगवायचीच नसते," तो म्हणायचा. "फिजिकली बेस्ड रेंडरिंग म्हणतात. वस्तू कशाची हाय तेवढं सांगायचं. धातू का प्लास्टिक, खरबरीत का गुळगुळीत. खरं सांगितलं की उजेडाचं उजेड बघतो." मी म्हणालो, "म्हणजे माझं काम गेलं म्हण की." "तुझंच गेलं," तो म्हणाला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी काष्टीला आलो की तो मला मोटारसायकलवर मागे बसवून नागापूरच्या एमआयडीसीत न्यायचा. तिथे जिन्यांचे रेलिंग करणाऱ्याकडून त्याने स्टीलचा एक चकचकीत गोळा घेतला होता, गेटच्या खांबावर बसवतात तसला. दुकानदाराने विचारलं, "एकच? गेटला दोन लागतात." अंकुश म्हणाला, "आमचं गेट न्हाई, अंतराळ हाय." दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि मी आपला आभाळाकडे बघितलं. मग दिवसभर एकच उद्योग. जुनी टाकी, विजेची पेटी, घासून पांढरं पडलेलं मशीनचं झाकण, असं काही दिसलं की त्याच्या शेजारी गोळा ठेवायचा, कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि फोटो काढायचा. गोळ्यात सगळं आभाळ उमटतं, त्यावरून उजेड कुठून आणि किती येतोय ते कळतं, म्हणून गोळा. मी जवळ उभा असलो की तो ओरडायचा, "दत्ता, लांब हो, तुझा शर्ट उमटतोय!" माझा शर्ट बहुधा भगवा असायचा. मी मुकाट्याने लांबच्या लिंबाखाली जाऊन बसायचो.

एकदा त्याने मला कॉम्प्युटरवर ते स्थानक आतून फिरवून दाखवलं. लांबच लांब बोळ, एका गोल खिडकीबाहेर काळोख, भिंतीवर धरायला लावलेल्या दांड्या. मी खोड काढली, "अरे, एवढं तालेवार स्थानक आणि कुठे गंज कसा नाही?" "गंज धरू देत न्हाईत तिथं," तो म्हणाला, "पण हात तर लागणारच की." आणि त्याने दांड्या जवळ आणून दाखवल्या. जिथे हात पडतो तिथेच रंग उडालेला, आतला धातू गुळगुळीत झालेला. आमच्या मावशीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, पाणी हापसायच्या पंपाचा दांडा असाच आहे, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. पण बोळ संपला तरी माणूस दिसेना. "माणसं कुठायत?" मी विचारलं. "माणसं दुसरे लोक करतात," अंकुश म्हणाला, "मी जागा करतो." हे तो इतक्या सहज म्हणाला की त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही. आता वाटतं.

दहाव्याला हार घालायला फोटो लागतो, तेव्हा पंचाईत झाली. घरात त्याचा फोटोच नव्हता. लग्न केलं नाही, त्यामुळे तो अल्बम नाही. माझ्या मोबाईलमध्ये तो पाठमोरा, नाहीतर तोंडापुढे कॅमेरा धरलेला. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून फ्रेम केला. मावशीने त्याला हार घातला आणि कार्यक्रम झाल्यावर फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली. मला म्हणाली, "दत्ता, ह्यो माझा न्हाई. मला माझा पायजे. न्हाई तर मी त्याचं त्वांड इसरंल रं." ती रडली नाही. मला मात्र खाली अंगणात जाऊन उभं राहावं लागलं, कारण डोळे मिटून मीही बघितलं होतं... आणि मलाही त्याचा चेहरा नीट आठवेना.

काही आठवड्यांनी कंपनीतल्या एक बाई कामाच्या फायली न्यायला आल्या, म्हणून मावशीने मला बोलावून घेतलं. कित्येक वर्षं त्यांनी अंकुशबरोबर काम केलेलं. त्या वरच्या खोलीत शिरल्या आणि इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "सरांचा फोटो कुठे दिसत नाही? मीटिंगमध्ये त्यांचा कॅमेरा कायम बंद असायचा. मी त्यांना कधी पाहिलंच नाही." त्या कॉम्प्युटरवर एकेक फोटो उघडून बघत होत्या. पत्रे, टाक्या, पेट्या, कुठेही माणूस नाही. "या गोळ्याच्या फोटोंचा आता उपयोग नाही, काढून टाकू?" त्यांनी विचारलं. मी "टाका" म्हणणार, तेवढ्यात मला गोळ्यात काहीतरी हललेलं दिसल्यासारखं झालं. "जरा मोठा करा." त्यांनी मोठा केला. नागापूरचं आभाळ वाकून गोल झालेलं, मधोमध स्टँड आणि स्टँडशेजारी, ओठ आवळून, गोळ्याकडे बघणारा अंकुश. अक्षर भरताना असेच ओठ आवळायचा. मग आम्ही सगळे गोळे बघितले. प्रत्येकात तो होता. सगळ्यांना लांब घालवून, प्रत्येकात एकटा. फक्त एका गोळ्याच्या पार कडेला एक भगवा ठिपका होता. बाईंना तो डाग वाटला. मी तो फोटो मोबाईलमध्ये उतरवून घेतला.

गोळ्यातलं नाक मोठं येतं, कान मागे पळतात. पण वाकलेलं अक्षर सरळ करण्यात आमचा जन्म गेलेला. मी पत्र्याची पाटी घासली, अस्तर दिलं आणि कोल्हारच्या घरी सुट्टीच्या दिवशी बसून त्याला रंगवत गेलो. हळूहळू तोंड आलं. डोळ्यांपाशी हात थांबला. डोळ्यात पांढरा ठिपका दिला की माणूस जिवंत होतो, हे मी मुलांना रोज शिकवतो. ब्रश पांढऱ्या रंगात बुडवलासुद्धा... आणि पुसून टाकला. चमक रंगवायची नाही. कातडीचा रंग मी कोरडा ठेवला आणि बुबुळांवर तेवढं व्हार्निश चढवलं. कातडी कशाची, डोळा कशाचा, एवढंच सांगितलं.

मावशीने पाटी मांडीवर घेतली. ओठांवरून बोट फिरवलं. "ह्यो हाय," ती म्हणाली. मग बराच वेळ बघून म्हणाली, "पन डोळं असं कोरडं का रं ठिवलं?" घरात अंधार होता. मी तिला उठवून उंबऱ्यापाशी नेलं. दारातला उजेड पाटीवर पडला आणि दोन्ही बुबुळांत बारीक बारीक दार चमकलं. मावशी पाटी जराशी फिरवायची, ते दार सरकायचं. पुन्हा फिरवायची, पुन्हा सरकायचं. किती तरी वेळ ती तेच करत राहिली.

पाटी आता दारासमोरच्या भिंतीवर आहे. परवा गेलो होतो. निघताना सवयीने मी बाहेरून दार ओढून घ्यायला लागलो, तर आतून मावशी म्हणाली, "उघडंच ऱ्हाऊ दे, दत्ता. दिस मावळंस्तवर बघतोय तो."